जेएलआरचा स्लोव्हाकियातला कारखाना: ब्रेक्झिटमध्ये तारक, टॅरिफमध्ये मारक?

सहज_विचारतो
मंडळी, टाटा मोटर्सचे शेअर आमच्याकडे वडिलांच्या काळापासून आहेत. २०२५च्या ऑक्टोबरात कंपनीची वाटणी झाली, ट्रक एकीकडे आणि मोटारी व जेएलआर (जॅग्वार लँड रोव्हर, टाटांची ब्रिटिश मोटार कंपनी) दुसरीकडे. कुठला ठेवायचा आणि कुठला विकायचा, यावर घरात बराच खल झाला. त्या निमित्ताने जुने वार्षिक अहवाल काढून बसलो. दर वर्षी त्यात 'जोखीम' या विषयावर पानंच्या पानं असतात. चलन, व्यापारयुद्ध, पुरवठा साखळी, सायबर हल्ला, हवामान, सगळं काही. आणि तरीही प्रत्येक वेळी कंपनी आडवी पडतेच.

माझा मुद्दा असा की बहुराष्ट्रीय कंपन्या कायम मागच्या संकटाचा बंदोबस्त करत असतात. उदाहरण घ्या. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडणार, मग संघाच्या आत आपला एक पाय हवा. म्हणून जेएलआरने स्लोव्हाकियात नित्राला कारखाना काढला. २०१८च्या ऑक्टोबरात तो सुरू झाला. डिफेंडर आणि डिस्कव्हरी तिथे बनतात. आता २०२५ बघा. एप्रिलमध्ये अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या मोटारींवर २५ टक्के जादा शुल्क लावलं, आधीचे अडीच धरून साडेसत्तावीस. मे महिन्यात ब्रिटनने वाटाघाटी करून वर्षाला १ लाख गाड्यांपुरतं ते १० टक्क्यांवर आणलं. पण ही सवलत ब्रिटनमध्ये बनलेल्या गाड्यांना! इंग्लंडमधल्या सॉलिहल कारखान्याची रेंज रोव्हर १० टक्क्यांत आणि नित्राची डिफेंडर साडेसत्तावीसमध्ये. म्हणजे ज्या कारखान्याने ब्रेक्झिटपासून वाचवायचं, त्यानेच टॅरिफमध्ये अडकवलं.

मग या जोखीम व्यवस्थापनाला काही अर्थ आहे का, की नुसती अहवालाची पानं भरायची? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

आळशी_मांजर
वाचतोय. शेअर माझ्याकडेही आहेत म्हणून नव्हे, झोप येत नाही म्हणून. (दोन्हीचा संबंध असू शकतो.)

झोबोरच्या_पायथ्याशी
नित्राला एका सप्लायर कंपनीकडून काम केलंय, म्हणून लिहितो. धागाकर्त्याचा मुद्दा चटपटीत आहे, पण कालक्रम जुळत नाही. नित्राचा करार डिसेंबर २०१५चा, सार्वमत २३ जून २०१६चं. 'रिमेन' (संघातच राहू) म्हणणारे जिंकणार असं बहुतेक सगळे गृहीत धरून चालले होते, तेव्हाच हा कारखाना ठरला होता.

खरी कारणं वेगळी होती. इंग्लंडमधले कारखाने भरलेले, स्लोव्हाकियात मजुरी कमी, आणि त्या चिमुकल्या देशात मोटार उद्योग आधीच बसलेला. ब्रातिस्लाव्हात फोक्सवॅगन, झिलिनात किया, त्र्नावात प्युजो-सित्रोएन. माणशी मोटार उत्पादनात स्लोव्हाकिया जगात पहिला. त्यामुळे सीट, बंपर, वायरिंग हार्नेस बनवणारे तासा-दोन तासांच्या अंतरावर. वर स्लोव्हाक सरकारचं साडेबारा कोटी युरोंचं साहाय्य.

तिथली खरी डोकेदुखी कुणी सांगत नाही: माणसंच मिळत नव्हती. बेकारी इतकी खाली गेलेली की लाइनवर सर्बियातून माणसं आणावी लागत. आमच्या शॉपमधल्या सूचना स्लोव्हाक आणि सर्बियन अशा दोन्ही भाषांत लावलेल्या असायच्या. ही जोखीम कुठल्या अहवालात ठळक छापलेली मला तरी आठवत नाही.

सहज_विचारतो
@झोबोर, करार आधीचा हे मान्य. पण डिस्कव्हरी सॉलिहलहून नित्राला हलवायची घोषणा २०१८ची, सार्वमतानंतर दोन वर्षांनी. डिफेंडर तिथे न्यायचंही नंतरच ठरलं. कंपनीने कारण काहीही सांगितलेलं असो, कारखाना आधी आणि उपयोग नंतर सुचला असं म्हणू हवं तर.

ट्रेझरीवाली
माझं काम कंपन्यांच्या परकीय चलनाचं आहे (ही कंपनी नव्हे). 'नित्रा मारक' हे मला अर्धंच पटतं. २७ जुलैला स्कॉटलंडमध्ये टर्नबेरीला युरोपीय संघ आणि अमेरिका यांचं जमलं आणि संघातून जाणाऱ्या मोटारींचं शुल्क १५ टक्क्यांवर आलं, १ ऑगस्टपासून लागू. म्हणजे तेव्हापासून फरक १० आणि १५चा झाला. शिवाय १० टक्के फक्त पहिल्या १ लाख गाड्यांना, आणि ब्रिटनमधून अमेरिकेला जाणाऱ्या सगळ्या कंपन्यांच्या मिळून गाड्या वर्षाला जेमतेम तेवढ्याच. डिफेंडरसुद्धा ब्रिटनमध्ये बनली असती तर कोटा कुणाचा आधी भरला यावर मारामारी झाली असती.

माझा मुद्दा वेगळा आहे. लोक कारखान्यांकडे बघतात, कारण तो डोळ्यांना दिसतो. चलनाचं काय? जेएलआरचा बराचसा खर्च पौंड आणि युरोत, तर विक्रीचा मोठा भाग डॉलर आणि युआनमध्ये. त्यामुळे पुढच्या काही वर्षांत येणारे डॉलर आजच्याच दराने विकून ठेवायचे, हा नेहमीचा रिवाज. यालाच हेज म्हणतात. सार्वमताच्या रात्री पौंड दीड डॉलरच्या आसपास होता, सकाळी १.३२च्या जवळ येऊन आदळला. त्या दिवशी टाटा मोटर्सचा शेअर मुंबईत जोरात पडला. पण जरा गणित मांडा. पौंड पडला तर निर्यातदाराला प्रत्येक डॉलरचे जास्त पौंड मिळायला हवेत, म्हणजे ही बातमी चांगली! तरी पुढच्या तिमाहींत नफा का आटला? कारण डॉलर आधीच जुन्या दराने विकून टाकले होते. बाजाराने दिलेला फायदा हेजच्या तोट्याने खाल्ला.

यात कुणाची चूक नाही. पौंड वर गेला असता तर त्याच हेजसाठी सगळ्यांनी पाठ थोपटली असती. वर्तमानपत्रं मात्र फक्त तोट्याची ओळ छापतात.

वडगावशेरीचा_वाघ
सरळ उत्तर: अमेरिकेत कारखाना काढा. बीएमडब्ल्यूने काढला, मर्सिडीजने काढला. एवढ्या गाड्या तिथे विकता आणि एकही कारखाना नाही? ही दूरदृष्टी नाही, हा कंजूषपणा.

ट्रेझरीवाली
@वाघ, बीएमडब्ल्यूचा साउथ कॅरोलायनातला स्पार्टनबर्गचा कारखाना बघा. तिथे बनलेल्या एसयूव्ही मोठ्या संख्येने चीनला जातात. २०१८च्या जुलैमध्ये पहिल्या व्यापारयुद्धात चीनने अमेरिकेत बनलेल्या गाड्यांवर शुल्क ४० टक्क्यांवर नेलं. फटका कुणाला बसला? फोर्ड-टेस्लाबरोबर या जर्मन कंपन्यांनाही. अमेरिकेत कारखाना काढून अमेरिकेची भीती गेली, तर चीनची आली. आणि कारखाना म्हणजे अब्जावधींचा खर्च आणि तीन-चार वर्षं. टॅरिफ एका सहीने येतं आणि दुसऱ्या सहीने जातं. सहीच्या भरवशावर काँक्रीट ओतायचं का?

वडगावशेरीचा_वाघ
म्हणजे काहीच करायचं नाही. हातावर हात ठेवून बसायचं. छान.

टेल्को_निवृत्त
टाटा मोटर्सला आम्ही अजून टेल्कोच म्हणतो, नाव २००३ साली बदललं तरी. तरुण मंडळींना २००८ ठाऊक नसेल, म्हणून लिहितो.

२००८च्या जूनमध्ये फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर घेतल्या, २३० कोटी डॉलरना. फोर्डने या दोन्हींसाठी स्वतः ५०० कोटींच्या वर मोजले होते, त्यामुळे सौदा स्वस्तात पडला असं बोललं जात होतं. त्यासाठी ३०० कोटी डॉलरचं तात्पुरतं कर्ज काढलेलं, ते वर्षभरात फिरवायचं होतं. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स बुडाली. ३ ऑक्टोबरला सिंगूर सोडायची घोषणा झाली, नॅनोचा जवळजवळ तयार झालेला कारखाना उचलून साणंदला नेला. ट्रकची विक्री ढेपाळली, कारण माल वाहायला कुणाकडे नव्हता. पिंपरीत ब्लॉक क्लोजर (काही दिवस उत्पादन बंद) झाले. आणि नोव्हेंबरच्या शेवटी ताजवर हल्ला. एका समूहावर तीन महिन्यांत हे सगळं. यातलं कुठलं संकट कुठल्या तक्त्यात बसवणार तुम्ही?

त्या दिवसांत कँटीनमध्ये रोज एकच वाक्य ऐकू यायचं, 'साहेबांनी हत्ती घेतला, आता चारा कुठून आणायचा?' पुढे चीनमध्ये रेंज रोव्हर आणि इव्होक धो धो खपायला लागल्या आणि त्याच जेएलआरने टेल्कोला पोसलं. आणि तोच चीन २०१८ला मंदावला. फेब्रुवारी २०१९मध्ये एका तिमाहीत २६,९६१ कोटींचा तोटा जाहीर झाला. भारतीय कंपनीच्या इतिहासातला तोपर्यंतचा सगळ्यात मोठा. त्यातला बहुतेक भाग जेएलआरची पुस्तकी किंमत ३१० कोटी पौंडांनी खाली आणल्यामुळे होता, रोख पैसा गेलेला नव्हता. पण सकाळी मथळा वाचून माझ्या शेजाऱ्याने घाबरून सगळे शेअर विकले. नंतर भाव कुठे गेला ते सांगत नाही, तो हा धागा वाचतो.

आळशी_मांजर
काका, शेवटचं वाक्य वाचून चहा नाकातून आला.

सुमेधा_क
टेल्को काका, असे प्रतिसाद अजून येऊ द्या.
मथळ्यांचा विषय निघालाच आहे तर: नोव्हेंबर २०२५मध्ये मोटारीवाल्या कंपनीने तिमाहीत ७६ हजार कोटींवर नफा दाखवला. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढे वाटायचंच बाकी होतं. मग कळलं की तो ट्रकचा धंदा वेगळा काढल्याचा कागदी लाभ. प्रत्यक्षात त्याच तिमाहीत जेएलआरला विशेष खर्च धरण्याआधीच ४८.५ कोटी पौंडांचा करपूर्व तोटा होता.

मिडलँड्स_मावशी
इथे सगळे टॅरिफबद्दल बोलताहेत, म्हणून मुद्दाम लिहिते. आमच्या भागात यंदा टॅरिफने कुणाची झोप उडाली नाही. उडाली ती सप्टेंबरमध्ये.

मी सॉलिहलपासून जवळच राहते. १ सप्टेंबरला इथे गाड्यांची नवी नंबरप्लेट सुरू होते, २०२५ची '७५'. डीलरच्या दृष्टीने आपल्याकडचा दसराच. लोक मुद्दाम महिनाभर थांबून त्या दिवशी गाडी घेतात. नेमक्या त्याच वेळी सायबर हल्ला झाला आणि कंपनीने स्वतःच सगळ्या यंत्रणा बंद केल्या. डीलरकडे गाडी उभी, गिऱ्हाईक उभं, पण नेहमीच्या यंत्रणेतून नोंदणी होईना. कारखाने तर बंदच. सॉलिहल, हेलवुड, वुल्व्हरहॅम्प्टन, आणि नित्रासुद्धा! ज्याला तुम्ही वेगळा पाय म्हणताय तो त्याच कॉम्प्युटरला बांधलेला होता. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात काम हळूहळू सुरू झालं.

कंपनीच्या कायम नोकरांचे पगार चालू राहिले. हाल झाले ते खालच्यांचे. आमच्या शेजारचा मुलगा सीटचे भाग बनवणाऱ्या छोट्या कंपनीत होता. आधी 'घरी थांबा, तास नंतर भरून काढा' असं सांगितलं, मग एजन्सीच्या माणसांना येऊच नका सांगितलं. लोड लेनवर सॉलिहल कारखान्याच्या गेटबाहेर सकाळी बेकन रोलसाठी रांग लागायची, तिथे व्हॅनवाला एकटाच उभा. सरकारने सप्टेंबरच्या शेवटी १५० कोटी पौंडांच्या कर्जाला हमी दिली. सरकारी निवेदनातच आकडा होता: कंपनीत ३४ हजार माणसं, पुरवठादारांकडे १ लाख २० हजार. हमी मिळाली कंपनीला. ते पैसे झिरपत त्या मुलाच्या मालकापर्यंत कधी पोचणार, हे मात्र कुणी सांगेना. ब्रिटिश अर्थव्यवस्थेचं एकूण नुकसान सायबर मॉनिटरिंग सेंटरने १९० कोटी पौंड धरलं आहे, आणि झळ सुमारे ५ हजार संस्थांना.

भोसरीकर
मावशी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. अगदी हेच. वरचे लोक 'एक्स्पोजर' म्हणतात, त्याला आमच्याकडे शेड्यूल (महिन्याची ठरलेली मागणी) कापलं म्हणतात.

माझं फोर्जिंगवर मशीनिंगचं काम आहे, थोडं थेट एक्स्पोर्ट, बाकी मोठ्या कंपन्यांसाठी जॉबवर्क. टॅरिफचा अनुभव लिहितो, कंपन्यांची नावं देणार नाही. पार्ट तोच, मशीन तीच, पण अमेरिकेत तो कुठल्या एचएस कोडखाली (कस्टममधला मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) उतरतो त्यावर २०२५मध्ये सगळं ठरलं. पॅसेंजर कारचा पार्ट असेल तर २५ टक्के शुल्क होतं. तसाच दिसणारा, पण ट्रॅक्टर किंवा औद्योगिक यंत्रात जाणारा असेल तर ऑगस्टअखेरपासून ५० टक्के. एका फ्लँजसाठी आम्ही ड्रॉइंग, गिऱ्हाईकाचं पत्र, वापर कुठे होतो त्याचा फोटो असं सगळं जोडून पाठवलं, की बाबांनो हा कारमध्येच जातो.

दुसरी गोष्ट डिलिव्हरीच्या अटींची. एफओबी असेल तर माल न्हावा शेवाला जहाजावर चढला की आमची जबाबदारी संपली, शुल्क गिऱ्हाईक भरणार. डीडीपी असेल तर त्याच्या दारापर्यंत सगळं आमच्या डोक्यावर, शुल्कासकट. गेली दहा-पंधरा वर्षं अमेरिकन गिऱ्हाईकं डीडीपीच मागत होती, शुल्क जेमतेम अडीच टक्के होतं, आम्हीही खुशाल देत होतो. ऑर्डर मिळतेय ना, बास. जे डीडीपीवर होते ते या वर्षी पुरते अडकले. माल निघाला तेव्हा एक दर, बंदरात पोचला तेव्हा दुसरा. एका गिऱ्हाईकाने अर्धं शुल्क वाटून घेतलं. दुसऱ्याने मेलला उत्तरच दिलं नाही आणि पुढच्या महिन्याचं शेड्यूल शून्य. टूलिंगचे पैसे अडकले ते वेगळेच. बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट तिथेच, व्याज चालू.

चाकणफाटा
@भोसरीकर +१००. आमच्याकडे टॅरिफ नाही, मॅग्नेट. एप्रिलमध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर परवाने लावले. मूठभर वजनाच्या मॅग्नेटवाचून ई-वाहनांच्या मोटरी अडल्या. राजीव बजाज जुलैमध्ये उघड म्हणाले होते की ऑगस्टमध्ये चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. ऑगस्टमध्ये उत्पादन विस्कळीत झालंच. कंपनी आकुर्डीची, स्कूटर आपली, गिऱ्हाईक आपलं, आणि चावी बीजिंगच्या एका टेबलावर. बहुराष्ट्रीय जोखीम सोसायला बहुराष्ट्रीय असावं लागत नाही.

मावळचा_राजा
अवांतर आहे, पण तळेगाव कुणी काढलंच नाही म्हणून राहवत नाही.

जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं बंद केलं, तळेगावहून निर्यात चालू होती. २०२०च्या जानेवारीत कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचा करार झाला. एप्रिलमध्ये केंद्राने नियम बदलला, शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी लागणार. तरी १५ जूनला राज्य सरकारने ग्रेट वॉलशी ३,७७० कोटींचा सामंजस्य करार केला. १५ जून २०२०! त्याच रात्री गलवान झालं. आठवडाभरात करार गुंडाळून ठेवला. मग परवानगीची वाट बघत दोन वर्षं गेली, जून २०२२ अखेर सौदा मोडला. मधल्या काळात, डिसेंबर २०२०मध्ये, उत्पादनही थांबलं. शेवटी ह्युंदाईने घेतला, २०२४च्या जानेवारीत व्यवहार पूर्ण झाला.

माझा मावसभाऊ तिथे लाइनवर होता. गलवान कुठे, तळेगाव कुठे. त्याला आजही कुणी सांगू शकत नाही की त्याची नोकरी नक्की कोणामुळे गेली: डेट्रॉइटमुळे, दिल्लीमुळे की बीजिंगमुळे. विकणारा हुशार होता, विकत घेणारा तयार होता, आणि दोघांच्याही वकिलांना तारखेचं काही करता आलं नाही.

वडगावशेरीचा_वाघ
चिन्यांना कारखाना दिला नाही हे उत्तमच झालं. देशापुढे चार नोकऱ्या काय?

मावळचा_राजा
@वाघ, चार नव्हत्या. आणि परवानगी नाकारायची तर महिन्याभरात नाकारा, दोन वर्षं लोंबकळत का ठेवता? 'नाही' ऐकून माणूस दुसरीकडे बघतो. 'बघू' ऐकून बसून राहतो.

झोबोरच्या_पायथ्याशी
राजा, हे फार नेमकं. नित्रातही एप्रिल ते जुलै असंच. शुल्क साडेसत्तावीस हे वाईट होतंच, पण उद्या किती असेल ते माहीत नसणं त्याहून वाईट. जेएलआरने एप्रिलमध्ये अमेरिकेला गाड्या पाठवणंच काही काळ थांबवलं, कारण निघताना किंमत किती लावायची तेच ठरेना.

खडूस_पुणेकर
ते सायबर सुरक्षेचं काम ज्या कंपनीने सांभाळलं होतं त्या

संपादक_मंडळ
वरील प्रतिसादाचा उर्वरित भाग अप्रकाशित केला आहे. पुराव्याशिवाय कुठल्याही कंपनीवर ठपका ठेवू नये. धाग्याच्या विषयावर राहावे, ही विनंती.

खडूस_पुणेकर
बरं. मग जॅग्वारबद्दल तरी बोलू द्या. तिथे टॅरिफची जोखीम शून्यावर आणायचा रामबाण उपाय केलाय: बहुतेक मॉडेलं बंदच करून टाकली. गाडीच नाही तर शुल्क कशावर लावणार?

आळशी_मांजर
=)) आणि जाहिरातीत गाडीच न दाखवणं ही सायबर सुरक्षा.

सहज_विचारतो
हसून झालं असेल तर मूळ प्रश्नावर येऊ या का? कारखाना आधीचा की नंतरचा ते बाजूला ठेवू. ट्रेझरीवाली, तुम्ही म्हणता कारखाना हलवून उपयोग नाही, हेज करून फायदा जातो, मावशी म्हणतात सगळे पाय एकाच कॉम्प्युटरला बांधलेले. मग अहवालातली ती पानं वाचायची तरी का? की माझ्यासारख्या शेअरधारकाने नुसतं देवाचं नाव घ्यायचं?

ट्रेझरीवाली
वाचायची, पण वेगळ्या रीतीने. 'जोखीम' या मथळ्याखालचं मी भरभर उलटते. तिथे सगळंच लिहिलेलं असतं, म्हणजे काहीच लिहिलेलं नसतं. मी तीन गोष्टी शोधते.

विक्री कुठल्या देशात किती, आणि बनतं कुठे. हे दोन तक्ते शेजारी ठेवले की कुठली सीमा ओलांडल्याशिवाय पैसा येत नाही ते दिसतं. जेएलआरचं उत्तर: जवळजवळ सगळ्याच.

कर्जाच्या परतफेडीच्या तारखा. टेल्को काकांनी लिहिलेलं २००८ हे खरं तर मोटारींचं संकट नव्हतंच, एका वर्षात फिरवायच्या कर्जाचं होतं. तोच सौदा दहा वर्षांच्या कर्जावर असता तर कँटीनमध्ये चाऱ्याची चर्चा झाली नसती.

आणि हातातली रोख. मार्च २०२५ अखेर जेएलआरकडे कर्जापेक्षा रोख जास्त होती. दोन वर्षांपूर्वी निव्वळ कर्ज ३०० कोटी पौंडांच्या घरात होतं. समजा हा हल्ला २०२२-२३मध्ये झाला असता, चिपटंचाई चालू, कर्ज डोक्यावर, आणि वर कारखाने बंद. तेव्हा सरकारी हमी हा विषय बातमीपुरता राहिला नसता, जगण्यामरण्याचा झाला असता. टॅरिफसाठी ठेवलेली रोख सायबरला चालते. नित्रा चालत नाही.

बाकी २०२५-२६साठी कंपनीनेच व्याज-करपूर्व नफ्याचा (विक्रीच्या प्रमाणात) अंदाज आधी १० टक्क्यांवरून ५ ते ७वर आणला आणि नोव्हेंबरमध्ये ० ते २वर. शेअर ठेवायचा की विकायचा हे मी सांगणार नाही, माझं लायसन्स त्यासाठी नाही.

टेल्को_निवृत्त
ताईंनी कर्जाचं अगदी बरोबर हेरलं. फक्त एक भर. २००८मध्ये हक्कभाग (जुन्या शेअरधारकांना देऊ केलेले नवे शेअर) काढले तेव्हा बाजारात घेणारं कुणी नव्हतं, समूहाने स्वतः पैसे ओतले. मागे टाटा सन्स उभी आहे हे अहवालाच्या कुठल्याच तक्त्यात नसतं. पण बँकेच्या डोक्यात असतं.

भोसरीकर
काका, तेच तर. त्यांच्या मागे टाटा सन्स, तिकडे मावशींकडे ब्रिटिश सरकार. आमच्या मागे बायकोचे दागिने.

रोखीचा सल्ला लाखमोलाचा, पण आमची रोख असते कुठे? गिऱ्हाईकाकडे. सूक्ष्म-लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते देईपर्यंत तो खर्च प्राप्तिकरात धरता येत नाही, असा नियम २०२४मध्ये लागू झाला. त्यामुळे झालं काय, की काही मोठ्यांनी पैसे लवकर द्यायच्या ऐवजी ऑर्डरच मध्यम उद्योगांकडे वळवली, त्यांना तो नियम लागत नाही ना. मावशी, तिकडे जेएलआरने नंतर पुरवठादारांना आगाऊ पैसे द्यायची योजना काढली असं वाचलं. पोचले का?

मिडलँड्स_मावशी
योजना निघाली हे खरं. आधी थेट माल देणाऱ्या निवडक पुरवठादारांसाठी होती. शेजारच्या मुलाची कंपनी दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर, तिला त्यातून सरळ काही नाही. तो आता गोदामात लागलाय, परत जायचं नाही म्हणतो. कुशल माणूस होता. लाइन सुरू झाली तरी असे किती परत येतील कोण जाणे.

सुमेधा_क
@भोसरीकर, माझ्या भावाचं सातपूरला छोटं युनिट आहे, त्यालाही अमेरिकेची चौकशी आली आहे आणि समोरचा डीडीपीच मागतोय. तुम्ही आता काय करता?

भोसरीकर
डीडीपी सरळ नाकारलं तर ऑर्डर जाते, म्हणून नाकारत नाही. दर एफओबीचा वेगळा आणि डीडीपीचा वेगळा असे दोन्ही कोटेशनमध्ये लिहितो. आणि खाली एक ओळ घालतो. तीन गिऱ्हाईकांना पाठवली, दोघांनी थोडी कुरकुर करून मान्य केली, तिसऱ्याचं उत्तर यायचंय.

सुमेधा_क
ती ओळ इथे टाकता येईल का?

भोसरीकर
इंग्रजीत आहे, मतलब असा: 'कोटेशनच्या तारखेला लागू असलेलं आयात शुल्क दरात धरलं आहे. माल रवाना झाल्यावर त्यात वाढ झाल्यास वाढीव रक्कम खरेदीदार भरेल, घट झाल्यास तेवढी सूट देऊ. कोटेशन ३० दिवसांपुरतं.' घट झाल्यास सूट हे मुद्दाम घाला, त्याशिवाय समोरचा सही करत नाही. आणि भावाला म्हणावं एचएस कोड कोटेशनवरच छापून घे, गिऱ्हाईकाचा कस्टम ब्रोकर तो मान्य करतो का ते आधी विचार. वकिलाला एकदा दाखवा, माझा वकील म्हणजे आमचा सीएच आहे.